बाबांच्या वजनाची स्प्रिंग

मोरवा, भाईंदर पश्चिम
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

साईराज,

मागच्या पत्रात मी तुला बाबांचं वजन अडुसष्ट किलो लिहिलं होतं. ते चूक आहे. त्या आकड्यावर तू गाडीची स्प्रिंग आवळली असशील तर आधी ती सैल कर, मग पुढचं वाच.

अडुसष्ट हा आकडा बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या तपासणीच्या कार्डावरचा. तेव्हा ते दिवसभर मशीनपुढे उभे राहून स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश करायचे. मी कार्ड पाहिलं आणि आकडा उतरवून घेतला, समोर झोपलेल्या माणसाकडे पाहिलं नाही. परवा शेजारच्या ममताताईंकडून वजनकाटा आणला. बाबांना एकट्याला उभं राहता येत नाही, म्हणून त्यांना धरून मीही काट्यावर चढले आणि मग माझं वजन वजा केलं. चोपन्न. बाबा म्हणाले, "माझं कमी झालं की तुझं वाढलं, ते आधी बघ." आई हसली नाही.

आता सगळं एकदा नीट लिहून काढते, म्हणजे दुसरी चूक राहायला नको. वर तुमच्याकडे रेंज नसते, आणि तू बाजारात उतरून फोन करतोस तेव्हा बाबा कान देऊन ऐकत असतात, त्यामुळे फोनवर मला खरं बोलता येत नाही. हे पत्र पोलादपूरला येणाऱ्या चंदनच्या गाडीने, स्प्रिंगच्याच खोक्यात घालून पाठवते आहे.

डॉक्टर म्हणाले, आजार मणक्यात उतरला आहे. मोठा धक्का बसला तर कमरेखालचं सगळं जाईल. पोलादपूरपर्यंत चांगल्या गाडीत आडवं झोपवून नेता येईल. पुढे आपल्या आंबेटेंबला रस्ताच नाही, ओढा आणि चढण आहे, हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, जायलाच हवं का?

बाबांना जायचं आहे. काकांना भेटायचं आहे आणि आपल्या अंगणात बसायचं आहे. काका गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, बाबा दुखण्यामुळे वर चढले नाहीत. दोघा भावांनी किती तरी वर्षांत एकमेकांना पाहिलेलं नाही.

मी डोलीचं सुचवून पाहिलं. तुला माहीत आहे ते काय म्हणणार. आपल्याकडे डोली खाली जाते ती जिवंत माणसाला घेऊन, वर येते ती रिकामी किंवा मेलेल्याला घेऊन. भरलेली डोली वर येताना दिसली की वाडीतल्या पहिल्या घरची बाई चूल विझवते. बाबा म्हणाले, "मी वर येताना कुणाची चूल विझायला नको. मी बसून येणार."

म्हणून तुझी बग्गी. जीपपेक्षा लहान, दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, चारही चाकं ओढतात, ओढ्यातून जाते. पण ती उनाड पोरांना उडवत न्यायला बनवलेली आहे. तिला आजारी माणसासाठी मऊ करायचं आहे. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला बंटीभाईंचं गॅरेज आहे, ते जंगलात शर्यती लावणाऱ्यांच्या जीपा तयार करतात. मी गेले, तर त्यांनी आधी मला लाल रंगाचे, वाऱ्यासारखे पळवणारे शॉकअप दाखवले. मी सांगितलं, पेशंटला न्यायचं आहे. त्यांनी शॉकअप परत ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, आजतक किसीने मेरेको धीरे जाने का सामान नहीं मांगा."

त्यांनी समजावलं ते असं: स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनावर निवडायची. जड माणसाची स्प्रिंग हलक्याला दिली तर ती दबतच नाही, सगळा खड्डा पाठीत जातो. म्हणून चोपन्नच्या हिशेबाने सर्वात नरम स्प्रिंगा पाठवते आहे. लाल सायलेन्सरचं तू लिहिलं होतंस. त्याची गरज मला दिसत नाही.

काकांना आणि काकींना नमस्कार.

रुचिता

*

आंबेटेंब
बुधवार, १९ नोव्हेंबर

रुचिताताई,

तुझं पत्र वाचलं आणि आधी पोतं सोडलं. तुला सांगितलं नव्हतं, पण शिवाकाकांच्या जागी मी सीटवर तांदळाचं पोतं बांधतो. पट्टा लावतो, पोत्यावर पाण्याचा तांब्या दोरीने बसवतो आणि ओढ्यातून वर येतो. वर आल्यावर तांब्यात किती उरलं ते बघायचं. तुझ्या मागच्या पत्रावरून अडुसष्टचं पोतं केलं होतं. आता त्यातले चौदा किलो काढले. आईने ते तांदूळ वेगळ्या डब्यात भरून ठेवले आहेत. रोजच्या डब्यात घालत नाही, शिजवतही नाही. विचारलं तर म्हणते, असू दे.

आमचे बाबा ओढ्याजवळच्या धोंड्यावर येऊन बसतात आणि परीक्षा घेतात. पहिल्या दिवशी तांब्यात बोट घालून म्हणाले, "आरं, अर्धाच ऱ्हायलाय. माझा भाऊ पण अर्धाच आणणार हायस का?"

तुझ्या नरम स्प्रिंगा बसवल्या. सपाटीवर एकदम झकास, पाळण्यासारखी चालते. पण ओढ्यातल्या धोंड्यांवर गाडी एवढी खाली बसते की शेवटी लोखंडावर लोखंड आपटतं. तो दणका आधीच्या कडक स्प्रिंगपेक्षा वाईट. तांब्या उडून पडला, कोंबड्या पळाल्या. म्हणजे सर्वात नरम ते सर्वात चांगलं असं नाही. तुझ्या त्या बंटीभाईला विचार.

दुसरं म्हणजे देवळाखालची शेवटची चढण. तिथे गाडी अर्ध्यात दम सोडते. एकदा मागे घसरली, मी ब्रेकवर उभा राहिलो. आत पोतं होतं म्हणून बरं. क्लच किट लागेल, त्याने खालच्या वेगात ओढ वाढते. सायलेन्सर मोकळा केला तर आणखी बरं. ताकद वाढवल्याशिवाय जमणार नाही, ताई.

शिवाकाका जेवतात का? आईने विचारलंय.

साईराज

*

भाईंदर
गुरुवार, २७ नोव्हेंबर

साईराज,

मागे घसरली, हे वाचल्यापासून मला झोप नाही. तू ब्रेकवर उभा राहिलास, हे तू गंमत सांगितल्यासारखं लिहिलं आहेस.

स्प्रिंगबद्दल तुझं बरोबर आहे. मी बंटीभाईंना सांगितलं. ते म्हणाले, नुसती स्प्रिंग बदलून होत नाही. स्प्रिंग दबते, पण दबल्यावर सावकाश उठायला आणि तळाला जायच्या आत थांबायला शॉकअप चांगला लागतो. आतल्या तेलाचा जोर बाहेरच्या खुंटीने कमी-जास्त करता येतो, असे शॉकअप ते कोईमतूरहून मागवून देणार आहेत. नमुन्याचा एक त्यांनी मला घरी न्यायला दिला. बाबांनी तो मांडीवर घेतला आणि चकचकीत दांड्यावरून लुंगीचं टोक फिरवत बसले. खूप वेळ. आईने जेवायला वाढलं तरी सोडेनात. तुझ्या आईला सांग, जेवतात, थोडं. पेज जास्त.

वजन एक्कावन्न झालं आहे. स्प्रिंगा त्याच चालतील की बदलाव्या लागतील, हे विचारून कळवते. तोपर्यंत पोत्यातून तीन किलो काढ.

आता जे लिहिते आहे त्याचा राग मानू नकोस. तू प्रत्येक पत्रात ताकद वाढवायचं लिहितोस. आधी सायलेन्सर, आता क्लच किट, मग पुन्हा सायलेन्सर. बंटीभाईंच्या दुकानात जी पोरं येतात तीही हेच मागतात. तुझ्याकडे डिसेंबरात कड्यावर जाणारी माणसं येतात, त्यांना घेऊन तुला ती चढण झपकन चढायची असेल. मला कळतं. पण ही गाडी या वेळी त्यासाठी नाही. मला वेग नको आहे. माझ्या बाबांना एका दगडाचाही धक्का लागायला नको. घरात मी एकटीच शिकलेली, सगळे कागद माझ्यासमोर येतात, डॉक्टर माझ्याशीच बोलतात आणि उद्या काही झालं तर निवड माझी होती असंच होणार आहे. म्हणून मला खात्री पटल्याशिवाय मी काही पाठवणार नाही.

रुचिता

*

आंबेटेंब
सोमवार, ८ डिसेंबर

ताई,

राग आला. म्हणून पत्र उशिरा. आईने तुझं पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि वर मलाच म्हणाली, ती घाबरलीय, तू कशाला फुगतोस?

सायलेन्सरचं खरं सांगतो. तो माझ्यासाठीच होता. आवाज भारी येतो. तो विषय सोड.

क्लच किट माझ्यासाठी नाही. तू इथे असतीस तर एका फेरीत दाखवलं असतं. देवळाखालच्या चढणीवर गाडीत दम नसला तर खालून वेग घेऊन यावं लागतं. वेग घेतला की प्रत्येक धोंड्यावर गाडी उडते आणि पोतं उडतं. मला ती चढण बैलासारखी चढायची आहे, एक-एक पाय टाकत. मध्ये थांबता आलं पाहिजे, काकांना कळ आली तर थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे. हळू चढायला जास्त ताकद लागते, ताई. पळायला कमी लागते. तुझा आणि माझा मुद्दा एकच आहे.

परवा एक झालं. पोतं बांधत होतो तर बाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, काढ ते. मला वाटलं, आता ओरडणार. ते स्वतः चढून बसले. दोन वर्षं गाडी दारात उभी आहे, कधी हात लावला नव्हता, तिला ते डबडं म्हणतात. पट्टा लावून घेतला आणि म्हणाले, "चल. शिवाला काय लागतंय ते मला कळू दे." ओढा पार केला. डोळे मिटून बसले होते. चढणीवर वेग घ्यावाच लागला, दोनदा जोरात आपटले. वर आल्यावर विचारलं, लागलं का? तर मान फिरवून बसले. घरी आल्यावर आईने कमरेला तेल लावलं तेव्हा म्हणाले, "न्हाय जमायचं असं. पोरीला लिही, तू मागतोस ते पाठव म्हणावं."

आणि म्हणाले, कधी आणते ते पण विचार.

साईराज

*

भाईंदर
शुक्रवार, १९ डिसेंबर

साईराज,

माझं चुकलं. तुझं पत्र घेऊन मी तशीच रिक्षाने काशीमीऱ्याला गेले आणि बंटीभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लडका सही बोलता है, मैं भी यही बोलनेवाला था, पर आप सुनती कहाँ हो." क्लच किट आणि शॉकअप दोन्ही या गाडीने येत आहेत. काकांची कंबर आता कशी आहे? त्यांना असं करू देऊ नकोस.

वजन सत्तेचाळीस आहे. आता आधीची स्प्रिंग कडक पडेल असं मला वाटतं, म्हणून एक पायरी खालची शोधते आहे. ती बंटीभाईंकडे नाही. शिवाय आणखी काही गोष्टी राहिल्या आहेत. सीटचा फोम फार पातळ आहे, त्यावर दवाखान्यातली हवेची गादी बसेल का ते मोजून कळव. खांद्यांवरून येणारा चार टोकांचा पट्टा बघितला, पण तो बाबांच्या छातीवर काचेल, त्याला आतून कापसाची पट्टी शिवायला हवी. टायरमधली हवा किती ठेवतोस? कमी ठेवली तर टायरही धक्का खातो असं वाचलं. रुंद टायरही मिळतात, पण त्याने ओढ कमी होते म्हणे. याचा विचार करायला थोडा वेळ हवा.

आणि आता पौष लागतोय. आई म्हणते, पौषात कुणी हलत नाही, संपू दे. वर थंडीही फार असेल. तर जानेवारीच्या शेवटी बघू. तोपर्यंत बाबांनाही जरा ताकद येईल. बाकी ठीक.

बाबा तुझ्या पत्रातलं काकांचं ऐकून खूप हसले. मग तोंडावर चादर घेतली.

रुचिता

*

आंबेटेंब
सोमवार, २९ डिसेंबर

रुचिताताई,

सगळं बसवलं. खालच्या गावात दिलेल्या आपल्या वाडीतल्या दिव्याचा नवरा मदतीला आला होता, ट्रॅक्टरचं काम करतो. शॉकअपची खुंटी फिरवून-फिरवून तीन दिवस फेऱ्या मारल्या. काल ओढा, मग चढण, मध्ये मुद्दाम थांबलो, पुन्हा निघालो, देवळापर्यंत आलो. तांब्यातलं पाणी काठाला लागलं, सांडलं नाही. बाबा तांब्याकडे बघतच राहिले. मग ते पाणी त्यांनी तुळशीला घातलं.

सत्तेचाळीसच्या पोत्यालाही हीच स्प्रिंग चालते, आवळणं दोन आटे सैल केलं की झालं. दुसरी शोधू नकोस. फोम जाड आहे. हवा कमीच ठेवतो. रुंद टायर नको. ताई, गाडीला आता काही लागत नाही.

आता जे लिहितो ते लिहू नकोस असं मला सांगितलं होतं. पण मी आईला विचारलं, ती म्हणाली, लिही.

नाताळच्या दिवशी मी बाजारात होतो. घरून, उर्मिलाकाकूंच्या फोनवरून शिवाकाकांचा फोन आला. तू ऑफिसला गेली होतीस. त्यांनी गाडीचं सगळं विचारलं, एक-एक करून. मग म्हणाले, "साई, मी वर आलो की तिथेच राहणार. खाली यायचा न्हाय. तुझ्या बापाला सांगून ठेव, माझ्या खोलीत कौलं नीट कर." मी म्हटलं, ताईला माहीत आहे का? तर म्हणाले, "तिला न्हाय सांगायचं. ती बापाला फिरवून परत आणायची तयारी करतीय. करू दे. पण जरा लवकर कर म्हणावं, तुझ्या नावाने सांग, की ओढ्याला पाणी येतंय म्हणून." जानेवारीत ओढ्याला कसलं पाणी. मला खोटं नीट बोलता येत नाही, म्हणून खरं लिहिलं.

बाबांनी माझ्याकडून खोलीची कौलं फेरून घेतली. गुडघ्यांनी वर चढता येत नाही, म्हणून खाली उभं राहून मला शिव्या देत होते. आईने जमीन सारवली. ते वेगळे ठेवलेले तांदूळ आहेत ना, आई म्हणते, शिवाभावजी आले की त्यांच्या पहिल्या जेवणाला काढीन.

तू काय ठरवशील ते ठरव. पण नवीन सामान पाठवू नकोस.

साईराज

*

मोरवा, भाईंदर पश्चिम
रविवार, ४ जानेवारी २०२६

साईराज,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. त्या दिवशी घरी आल्यावर काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबांना वाटलं की मला दुसरी स्प्रिंग मिळाली नाही म्हणून मी गप्प आहे. त्यांनीच मला धीर दिला, म्हणाले, मिळेल गं, एवढी मुंबई पडलीय.

मग मी त्यांच्या कॉटवर बसले आणि विचारलं, "तुम्हाला परत यायचं नाही ना?"

ते छताकडे बघत होते. म्हणाले, "साईने सांगितलं होय. बापावर गेलाय, पोटात काही राहत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू एवढं मन लावून करत होतीस. रोज येऊन सांगायचीस, आज हे मिळालं, उद्या ते येणार. मला वाटलं, हिचं होऊ दे. शिकवलं ती माझी हौस होती, आता हिची हौस मी कशाला मोडू?"

मी त्यांना खरं सांगितलं. मला माहीत होतं. डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं की एकदा नेलं तर पुन्हा तोच प्रवास उलटा करता येणार नाही. मी ते तुला लिहिलं नाही, आईला सांगितलं नाही. गाडी तयार होत नाही तोवर बाबा इथे, आमच्या खोलीत, खिडकीजवळ असणार होते. एक शॉकअप यायला पंधरा दिवस लागतात हे ऐकून मला बरं वाटायचं. दुकानातून निघताना मी आणखी एखादी शंका काढायचे. आणि इकडे त्यांचं वजन उतरत होतं, ते मीच करत होते, मीच तुला कळवत होते.

 बाबांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "झालं ते झालं. आता दिवस सांग."

मी म्हटलं, आई पौष म्हणते.

बाबा म्हणाले, "तुझ्या आईला विचार, पौषात मरायला चालतं का?" आई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. बाहेर आली, त्यांच्याकडे बघितलं आणि माळ्यावरची मोठी पिशवी काढायला लागली. पौषाबद्दल पुन्हा काही बोलली नाही. ती वरच राहणार आहे. आता तिच्या साड्या, त्यांच्या बंड्या, औषधं असं भरून झालं आहे. मला सुट्टी तीन दिवसांची आहे. मी परत येईन, ऑफिस आहे, खोली आहे. परत येणाऱ्या गाडीत मी एकटीच असेन, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

या आठवड्यात मी वजन केलं नाही. तू पट्टा लावशील तेव्हा तुला हाताला कळेल तेवढं सैल कर.

डॉक्टरांना काल भेटले. त्यांनी कमरेचा पट्टा दिला, दुखण्याचं औषध चढणीच्या अर्धा तास आधी द्यायला सांगितलं. या वेळी त्यांनी जायलाच हवं का, असं विचारलं नाही. बंटीभाईंनी त्यांच्या ओळखीची मोठी गाडी दिली आहे, मागे आडवं झोपता येतं. चालकाला त्यांनी माझ्यासमोर दम भरला, "गड्ढा दिखा तो उतरके पैदल चलना." तू खाली चंदनच्या थांब्यावर बग्गी घेऊन ये. ओढ्यापर्यंत मी बाबांच्या सीटमागे उभी राहीन, पुढे गाडीला धरून चालत येईन. काकांना ओढ्याजवळ बसवू नकोस, तिथे वारा असतो. त्यांना देवळाजवळ बसव. बाबांनी सांगितलं आहे, तिथे पोचलो की गाडी थांबव, मला दादाकडे बघू दे, मग पुढे जाऊ.

आणि वाडीत सगळ्यांना आधी सांगून ठेव की बसून येत आहेत, पहिल्या घरच्या सरूबाईंना तर नक्की सांग. माणूस अशक्त दिसेल, मान कदाचित माझ्या हाताने धरलेली असेल. त्यांनी घाबरून चूल विझवू नये.

गाडी इथून पहाटे निघेल, ऊन चढायच्या आत आम्ही थांब्यावर असू. तू या पत्राला उत्तर पाठवू नकोस, ते यायच्या आत आम्ही निघालेले असू. रविवार, अकरा जानेवारी.

रुचिता